साखरशेतची बॅटरी आणि आमची गार पेटी

नाशिकहून निघताना गाडीत सगळ्यांत आधी चढली ती पेटी. मग तंबू, मग स्टोव्ह, मग वळकट्या आणि उरल्यासुरल्या जागेत मी. माझ्या दिरांनी मस्कतहून आणलेली ही निळी-पांढरी पेटी म्हणजे गाडीत चालणारा फ्रिज. मागे पंखा आणि एक लांब वायर. ती गाडीत सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसली की पेटी गुणगुणायला लागायची आणि घटकाभराने आत हात घातला की गार. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट आहे. आमच्या कॉलनीतले निम्मे लोक ती पेटी बघून, हात घालून, चहा पिऊन गेले होते.

पेटीत दूध होतं, दही होतं, आणि एका स्टीलच्या डबीत, कापसात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली होती. खरं तर सगळा घाट त्या बाटलीसाठीच होता. श्रीधर, म्हणजे माझे यजमान, एके काळी पायाला भिंगरी लावलेला माणूस. बँकेतली एकेक रजा साठवून त्यांनी मला रामेश्वरपासून लडाखपर्यंत हिंडवलं. मग साखर निघाली, पुढे इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, बाटली फ्रिजमध्ये ठेवा. ते वाक्य ह्यांनी असं मनाला लावून घेतलं की जिथे फ्रिज नाही तिथे आपण नाही, असा नियमच होऊन बसला. लग्नकार्यालासुद्धा सकाळी जाऊन संध्याकाळी परत. इंजेक्शन घ्यायचं तेही खोलीचं दार लावून, जणू काही चोरी करतोय. ही सहल नीट पार पडली तर ते पुन्हा हिंडायला लागतील, आणि फसली तर कायमचे घर धरून बसतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे जव्हार-मोखाड्याचं सृष्टिसौंदर्य वगैरे मी म्हणत होते, पण माझं सगळं लक्ष त्या पेटीच्या गुणगुणीकडे होतं.

त्र्यंबक मागे पडलं आणि घाट उतरताना हवा बदलली. डिसेंबर होता. भातं कापून झाली होती, खाचरांत पिवळे खुंट उरले होते. माळांवर पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या, आणि मधूनच एखादं मोहाचं झाड. मोखाड्याच्या स्टँडसमोर चहा घेतला. श्रीधर चहा पिताना उठून गाडीपाशी गेले, पेटीचं झाकण उघडून आत हात घालून आले.

"गार आहे," ते म्हणाले.

"आता सारखं उघडू नका, म्हणजे राहील," मी म्हटलं.

जव्हारला राजवाडा पाहिला, बाजारात वालाच्या शेंगा घेतल्या, आणि दिवस कलायच्या आत साखरशेतच्या शिवारात पोचलो. रस्त्याच्या खाली, पाड्यापासून (वस्तीपासून) हाकेच्या अंतरावर एक मोकळं खाचर होतं. रामा नावाचा एक साठीचा माणूस गुरं घेऊन चालला होता. त्याला विचारलं, इथे तंबू ठोकला तर चालेल का?

"माझंच हाय खाचर. ठोका ना," तो म्हणाला. मग जरा थांबून, "घर हाय की अठं. कापडात कशाला झोपता?"

श्रीधर हसले. कितीतरी दिवसांनी बाहेरच्या माणसाशी हसले, म्हणून मी ते लक्षात ठेवलं. गाडी खाचरात उतरवली, तंबू उभा केला, वालाच्या शेंगा मिठात उकडल्या. पेटी गाडीत गुणगुणत होती. चांदणं पडलं आणि ते मला झोजी-ला घाटातली जुनी फजिती पुन्हा सांगू लागले. मी ती अनेकदा ऐकली होती, तरी नवीन असल्यासारखी ऐकली.

सकाळी जागी झाले ती शांततेने. गुणगुण नव्हती.

इंजिन बंद ठेवून पेटी रात्रभर चालवली की गाडीची बॅटरी तीच पिऊन टाकते, हे आम्हा दोघांच्या सुशिक्षित डोक्यांत आलंच नव्हतं. किल्ली फिरवली तर गाडीने साधा खोकलासुद्धा काढला नाही. रामा आणि पाड्यातले चार बापे मदतीला आले. त्यांनी गाडी ढकलली, पण खाचराच्या भुसभुशीत मातीत चाकं रुतली, आणि कडेच्या घट्ट जमिनीवर आणून ढकलली तरी ती सुरू होईना. जव्हारला जाणारी जीप म्हटलं तर रविवारी नाही. उद्या सकाळी येईल, तिच्यात बॅटरी टाकून चार्जिंगला न्यायची, एवढाच मार्ग.

श्रीधर बांधावर बसले. डबी दोन्ही हातांत धरलेली. "मी म्हटलं होतं ना तुला," ते म्हणाले, "आता हे आपल्याला झेपायचं नाही. उद्या गाडी सुरू झाली की थेट घर." त्यांचा आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं. तो मात्र अगदी खाली गेला होता.

रामाने विचारलं, "काय हाय डबीत?"

"ह्यांचं औषध आहे. गार ठेवावं लागतं," मी सांगितलं.

तो पाड्याकडे गेला. आला तेव्हा त्याच्या खांद्यावर एक बॅटरी होती आणि मागे त्याची बायको जानकीबाय. पाड्यात तोवर वीज आली नव्हती. रामाच्या ओटीवर एक काळा-पांढरा टीव्ही होता आणि तो ह्या बॅटरीवर चालायचा. बॅटरी सगळ्या पाड्याची. बाजारच्या दिवशी जो जव्हारला जाईल त्याने ती जीपच्या टपावर टाकून न्यायची आणि भरून आणायची, अशी पाळी होती. आधी तिच्यावर गाडी सुरू होते का पाहिलं, पण ती होती लहान आणि अर्धी उतरलेली. इंजिन नुसतं कण्हलं.

"गाडीला नाय पुरायची," रामा म्हणाला, "पण तुमची पेटी चालल."

पेटी ओटीवर नेली. पेटीबरोबर चिमट्यांची दुसरी वायर आली होती, एक चिमटा लाल, एक काळा. बॅटरीच्या एका टोकाला लाल खूण होती. श्रीधरांनी अगदी काळजीपूर्वक लाल चिमटा लाल खुणेला लावला, काळा दुसऱ्या टोकाला. पंखा गुणगुणू लागला. मला हायसं वाटलं.

थोड्या वेळाने दही काढायला मी झाकण उघडलं. आतून उबदार वाफ आली. दह्याचं भांडं चक्क कोमट!

"अहो, ही तापतेय!"

श्रीधरांनी झडप घालून डबी बाहेर काढली. चेहरा पांढराफटक. वायर उपटली, पंखा बघितला, पेटी मागून-पुढून तपासली. जानकीबाय चुलीपाशून उठून आली, बॅटरीकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"ती खूण नाय हो! तो कुंकू हाय, दसऱ्याला लावलेला! विळा, कोयता, बॅटरी, समद्यांना लावला मी. हात गेला तठं लावला!"

टीव्हीची वायर कुठल्या टोकाला जाते ते रामाला ठाऊक होतं, त्यामुळे खुणेची गरज त्यांना पडलीच नव्हती. आम्ही मात्र वजाला अधिक जोडलं होतं, आणि ही पेटी अशी की उलटी जोडली की गार करायचं सोडून तापते. चिमटे बदलले. हळूहळू पेटीतला पत्रा गार झाला. श्रीधरांनी बाटली उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिली, गालाला लावली. फार तापली नव्हती. मग तेही हसले, आधी थोडं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

संध्याकाळी जेवण रामाकडेच. तांदळाची भाकर, उडदाचं घट्ट वरण आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी. जेवणाआधी इंजेक्शन घ्यायचं होतं. दार लावायला खोली नव्हती. श्रीधरांनी जरा इकडेतिकडे पाहिलं आणि ओटीवरच सदरा वर केला. रामाची म्हातारी आई समोर बसली होती.

"दुखतं का रं पोरा?" तिने विचारलं.

"सुरुवातीला दुखायचं," ते म्हणाले. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

आणि मग माणसं यायला लागली. बायका, कडेवरची पोरं, खांद्यावर टॉवेल टाकलेले बापे. अंगणात घोंगड्या पडल्या. आमच्या ध्यानात येईना की काय आहे. जानकीबाय म्हणाली, "आज ऐतवार. सिनेमा असतो ना."

श्रीधर ताडकन उठले. "अहो, मग काढा ती वायर! आमच्यामुळे कशाला?"

"औषध हाय ना?" रामा म्हणाला. "मंग. सिनेमा काय, परत येल."

म्हातारीला मात्र हे पटलं नव्हतं. "मंग आमी अठं काय बघायचं?" ती म्हणाली. "ही पेटी?"

सगळे हसले, पण उठून कुणी जाईना. टीव्ही काळाच्या काळा, शेजारी आमची पेटी गुणगुणतेय, आणि अख्खा पाडा तिच्याकडे बघत बसलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. श्रीधरांनी घसा खाकरला.

"समुद्रावरून आगगाडी जाते, ती पाहिलीय का कुणी?" त्यांनी विचारलं.

"वसईच्या पुलावर?" रेतीच्या कामाला जाऊन आलेला एक जण म्हणाला.

"ती खाडी. मी म्हणतो तो खरा समुद्र. दोन्ही बाजूंना."

आणि ते रामेश्वरला निघाले. उभे राहून, हात पसरून, डब्यात वारा कसा घुसतो, खाली लाटा कशा आपटतात, मी भीतीने डोळे कसे मिटून घेतले होते, सगळं. मी एवढी घाबरले नव्हते, पण बोलले नाही. मधूनच प्रश्न येत. "तठं भात होतो का?" "त्याहींची बोली तुमाला कळली कशी?" एकदा म्हातारीने विचारलं, "देवाला कोंबडा चालतो का तठं?" त्याचं उत्तर देताना श्रीधरांची पार भंबेरी उडाली. रामेश्वर झालं, तसे लोक म्हणाले, अजून सांगा. मग बर्फाची पाळी आली. मी खांबाला टेकून बसले होते. चिमणीच्या उजेडात हातवारे करणारा तो माणूस मी ओळखत होते. मधली वर्षं मला तो दिसलाच नव्हता, आणि किती आठवण येत होती त्याची, हे मला तिथे बसून कळलं. मी पदराने डोळे पुसले, धूर झाला म्हणून.

सोमवारी जीपने बॅटरी गेली आणि उतरत्या उन्हात भरून आली. गाडी सुरू झाली. पाड्याची बॅटरीही आम्ही त्याच फेरीत भरून आणवली. म्हातारी म्हणाली, "परत ये रं. पण ऐतवारी येऊ नको."

आता श्रीधर नाहीत, आणि त्या पाड्यात वीज केव्हाच आली असेल. नंतर आम्ही पुष्कळ हिंडलो, पण त्या ओटीइतकं मला काही आठवत नाही.

त्या सहलीहून नाशिकला आल्यावर बाटलीची शंका नको म्हणून डॉक्टरांकडे गेलो. सगळं ऐकून डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. म्हणाले, "अहो, वापरात असलेली बाटली ह्या थंडीत नुसती पिशवीत ठेवली असती तरी महिनाभर चालली असती. पेटी कशाला, काहीच नको होतं."

श्रीधर उठले. खाली मान घालून दवाखान्याचा जिना उतरू लागले. एवढी वर्षं घरात काढली ती उगाचच, असं मनात येऊन आता पुन्हा खचतात की काय, ह्या भीतीने मी त्यांचा दंड धरला. शेवटच्या पायरीवर ते थांबले.

"बरं झालं, आपल्याला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "नाहीतर त्या लोकांचा सिनेमा बुडाला नसता."