मोटारीखालचं सारवण

अमरावतीत एका सोयऱ्याने तेल ठिबकणारी मोटार माझ्या गळ्यात मारली होती. म्हणून अकोल्यात एका वकिलाची जुनी, छोटी मोटार पाहायला गेलो, तेव्हा आधी खालची जमीन पाहिली. सगळं अंगण कोरडं होतं. फक्त मोटारीखाली शेणाचं ओलं सारवण, तेही भर दुपारी.

“हे काहून सारवलं, वकीलसाहेब?”

“लक्ष्मी घरातून जाऊन राहिली ना, भाऊ!”

“मंग लक्ष्मीले दोन हात पुढे घ्या. इंजिन चालू राहू द्या.”

वकील आत चहाला चला म्हणू लागले. मी चहा मोटारीपाशीच मागवला. कप संपायच्या आत कोरड्या मातीवर काळा थेंब पडला. सोयऱ्यावर काढायचा राहिलेला सगळा राग मी वकिलावर काढला आणि मगच भाव करायला बसलो.