कसाला उतरणारं छप्पर

छप्पर परवडत नाही म्हणून घर अर्धवट राहिलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण छपरावरच्या निस्सीम प्रेमापायी सहा वर्षं घर उघडं ठेवणारा माणूस या भूतलावर एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, हे यजमान. सगळे त्यांना दाजी म्हणतात म्हणून मीही म्हणतो, आणि ते मला ‘पावणं’ म्हणतात. तीस वर्षं त्यांनी कोइमतूरला आटणीचं दुकान चालवलं. सोनारांकडचं भेसळीचं सोनं भट्टीत आटवायचं, त्यातलं खोटं काढून टाकायचं आणि खरं तेवढं परत द्यायचं, हा धंदा. विट्याकडच्या गावांतून या धंद्यापायी माणसं देशभर पांगली आहेत. दाजी साठीला आले तसे दुकान आवरून गावी परतले आणि एका हिवाळ्यात त्यांनी घराच्या चार भिंती उभ्या केल्या. तोवर राहायला म्हणून भावकीतल्या एकाच्या घरात खालच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आक्कांचं मागणं एकच होतं, “आवं, डोळं मिटायच्या आत एकदा आपल्या घरात चूल पेटू द्या.” त्यावर दाजी म्हणायचे, “पेटवू की. छप्पर तेवढं पारखू दे.”

आता पारखणं म्हणजे आपण पारखतो तसं नव्हे. दाजींच्या सदऱ्याच्या खिशात कसोटीचा दगड, बारीक कानस आणि तेजाबाची बाटली कायम असे. विट्याच्या दुकानात ते पत्रा बघायला गेले आणि बघता बघता त्यांनी पत्र्याचा कोपरा कानशीनं घासून दगडावर कस लावला. वर तेजाबाचा थेंब टाकून भिंगातून बघत बसले. दुकानदार बिचारा हात जोडून म्हणाला, “दाजी, पत्रा हाय ह्यो, पाटली न्हाई.” दाजी शांतपणे उत्तरले, “म्हनूनच बघतोय. पाटली हातात असती, पत्रा डोक्यावर पडतो.” पुढे पुढे ते दिसले की तो दुकानदार गोदामात जाऊन बसू लागला. दाजीही कच्चे नव्हते, ते गोदामाच्या दाराशी स्टूल टाकून बसायचे.

मंगलोरी कौल त्यांच्या मनात फार भरलं होतं. “भट्टीतनं निघालेला माल हाय, आपल्याच जातीचा,” असं ते कौतुकानं म्हणत. पण ओलं झाल्यावर ते किती जड होतं हे पाहायला हवं, म्हणून एक कौल रात्रभर बादलीत बुडवून ठेवलं. सकाळी ते सोन्याच्या काट्यावर मावेना. तेव्हा दाजींनी त्याचे हातोडीनं तुकडे केले आणि एकेक तुकडा आधी ओला, मग वाळवून जोखला आणि फरक मांडला. कौल पंचवीस तोळे पाणी प्यायलं होतं. “असला दारुडा डोक्यावर घेऊ व्हय?” म्हणून कौल बाद झालं. मग कुणीतरी सुचवलं, उसाच्या पाचटाचं छप्पर थंडगार असतं. दाजींनी पाचटाला आधी तेजाब लावलं. त्यात ते कसंबसं पास झालं. नंतर त्यांनी ते भट्टीत घातलं आणि अतिशय गंभीर चेहऱ्यानं मला फोन केला, “पावणं, आगीत टिकलं न्हाई.”

स्लॅबवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. स्लॅब म्हणजे लाख भरलेला दागिना, आत काय आहे ते कुणी पाहिलंय, असं त्यांचं मत. ते पाहण्यासाठी ते एकदा मे महिन्यात आमच्या कऱ्हाडच्या घरी आले, जेवले, तासभर स्वयंपाकघरात उताणे पडून वर बघत राहिले आणि मी डुलकी काढत असताना गच्चीवर जाऊन त्यांनी छिन्नीनं माझ्या स्लॅबचा ढलपा काढला. त्या पावसाळ्यापासून आमच्या गॅसच्या शेगडीवर पाणी ठिबकतं. मी काही बोलायला गेलो तर आमची ही म्हणते, “दाजी आहेत ते!” एवढ्यावर विषय संपतो.

इकडे त्यांच्या घरात ऊनपाऊस थेट येत असल्यामुळे दिवाणखान्यात पपईचं झाड उगवलं आणि रीतसर फळंही देऊ लागलं. आक्का पाहुण्यांना ती कापून देत, पण देताना त्या हसत नसत. ते आमच्या उशिरा लक्षात आलं.

गेल्या चैत्रात आम्ही दोघं गेलो होतो. आक्कांनी पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवला आणि सोऱ्या घेऊन घरमालकिणीला विचारायला गेल्या, गच्चीवर कुरड्या घालू का म्हणून. मालकीण म्हणाली, “आज आमच्याच पापडानं गच्ची भरलीया.” आक्का परत आल्या, गरम चिकाचं पातेलं उचललं आणि तडक आपल्या उघड्या घरात जाऊन फरशीवर लुगडं पसरलं. मागोमाग आम्हीही गेलो. दाजी खूश होऊन म्हणाले, “बघा पावणं, छप्पर नसल्याचा बी फायदा हाय!” तेवढ्यात दारातून दोन कोंबड्या आत शिरल्या आणि पहिल्याच कुरडईवरून चालत गेल्या.

आक्का ओरडल्या नाहीत. सोऱ्या बाजूला ठेवून म्हणाल्या, “तीस वर्सं कोइमतूरला दुसऱ्याच्या गच्चीवर इचारून वाळवण घातलं. हितं आलो तरी इचारूनच. छप्पर कसलं बी घाला, पर मला वर जाऊन वाळवण घालता येऊ द्या.”

दाजींनी कोंबड्या दाराबाहेर हाकलल्या. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, “मी समदं खालनंच बघत आलो की वो.” आणि आक्कांना म्हणाले, “सोनं चुकलं तर परत आटवता येतं. ह्ये चुकलं तर कसं आटवू? तुज्या डोक्यावर खोटं घालायचं नव्हतं गं मला.” इतकी वर्षं मी या माणसाला हसत होतो. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही, आणि आपण हसत होतो याची लाज वाटली.

महिन्याभरात घरावर स्लॅब टाकून झाला. दाजींनी त्यातला एकही ढलपा काढला नाही. चूल पेटली, पुरणपोळीचं जेवण झालं आणि त्यानंतर सगळ्यांच्या ध्यानात आलं की वर जायला जिनाच नाही. छपराच्या विचारात जिना कुणाला सुचलाच नव्हता! शेवटी शेजाऱ्यांची लाकडी शिडी आणून भिंतीला लावली. आक्कांचे गुडघे दुखतात, तरी पदर खोचून त्या चढल्या. चिकाचं पातेलं मी पोहोचवलं आणि खाली आलो. दाजी दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते.

“कसं हाय गं वर?” त्यांनी विचारलं.

“कुनीच न्हाई हितं,” वरून आवाज आला. “इचारायला कुनीच न्हाई.”

आक्का वर बराच वेळ होत्या. कुरड्या घालून झाल्या तरी उतरल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या असाव्यात. मी म्हणालो, “दाजी, सोडा की आता शिडी, उतरताना धरू.” त्यांनी नकारार्थी मान हलवली. ऊन चांगलंच तापलं, आणि ज्या सावलीसाठी सहा वर्षं गेली ती दाराच्या आत हातभर अंतरावर पडलेली होती. दाजी मात्र उन्हातच शिडी धरून उभे राहिले.