आतलं अस्तर

नोंदवहीत लिहिलेले आकडे मी आठवड्यात विसरते आणि जे कुठेच लिहायचं नसतं तेच डोक्यात साठत जातं. परळच्या आमच्या लॅबमधलं असं बरंच साठलंय. त्यातलं निम्मं परबमामांचं!

परबमामा काळाचौकीचे. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. संप लांबला तसे आमच्याकडे टेंपररी अटेंडंट म्हणून लागले. पहिल्याच दिवशी उंदराच्या रक्तवाहिनीचं कडं दोऱ्याने बांधायचं होतं. कडं शिताएवढं. माझी अर्धा तास झटापट चाललेली. मामांनी एका हाताने गाठ मारली आणि विचारलं, "पुढचं?"

*

कडं ज्या खारट पाण्यात ठेवतात, त्यात आधी गॅसचे बुडबुडे सोडायचे आणि कॅल्शियम अगदी शेवटी घालायचं. मला घाई. आधीच ओतलं, तर बाटली पांढरीफटक. मामांनी ती उजेडात धरली.

"ताई, नासलं."

दुसऱ्या दिवसापासून कॅल्शियमची बाटली त्यांच्या ताब्यात. मागितली की आधी बुडबुडे बघायचे, मगच द्यायचे.

*

कॅल्शियम एवढं कशाला लागतं, हे त्यांनीच विचारलं. मी सांगितलं, रक्तवाहिनीच्या स्नायूत कॅल्शियम वाढलं की ती आवळते. पण आत पेशींचं एक पातळ अस्तर असतं. त्या पेशींत कॅल्शियम वाढलं की त्या स्नायूला निरोप धाडतात, सैल हो. तो निरोप म्हणजे नेमका कुठला पदार्थ, यावर अजून जगभर भांडणं चाललीत.

मी म्हटलं, म्हणजे हे अस्तर स्नायूचं मुकादम समजा.

"छे," मामा म्हणाले. "मुकादम कधी सैल हो म्हणतो?"

*

मग तीन आठवडे आमचं एकही कडं सैल होईना. कडं आवळलं की रेकॉर्डरचं पेन कागदावर वर चढतं, सैल झालं की खाली येतं; अस्तराला जागं करणारं औषध घातलं तरी आमचं पेन वरच. मामांची मुदत महिनाअखेर संपत होती. आमच्या लॅबप्रमुख मॅडम म्हणाल्या, कडी ते बांधायला लागल्यापासूनच हे चाललंय, दुसरा माणूस बघू. मामांना कळलं. ते रोज अर्धा तास आधी यायला लागले.

मीही एकदा लवकर गेले. मामा काडीला ओला कापूस गुंडाळून प्रत्येक कडं आतून पुसत होते. चष्मा नाकावर, एकेक कडं तीनतीनदा. अस्तर पार निघालेलं. निरोप धाडणारंच कोणी उरलं नव्हतं!

मी ओरडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना, आत रक्ताचा थेंब दिसता कामा नये. साच्यावर जरा कचरा राहिला तरी कापड परत येतं, ताई."

सांगितलं होतं मीच. दरडावून.

तशीच मॅडमकडे गेले, चूक माझी म्हणून सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकलं आणि दोन कडी लावायला सांगितली, एक पुसलेलं, एक तसंच. तसंच ठेवलेलं सैल झालं. पुसलेलं ढिम्म.

मॅडमनी रेकॉर्डरचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाल्या, "तुलनेला अस्तर काढलेली कडी रोज लागतील. इतकी स्वच्छ दुसरं कोण पुसणार? परब, अर्ज लिहा. कायमचा."

*

कायम केल्याचं पत्र आलं त्या दुपारी मामी डबा घेऊन आल्या, बांगड्याचं तिखलं. मामा कडी आणायला आत गेले, तशा माझ्या कानाशी आल्या.

"संपापासून हे मुठी आवळून निजतत गो. रात्री बोटा सोडवूक गेलंय तरी सुटनत नाय."

मामा आले. कडं लावलं, आधी बुडबुडे, शेवटी कॅल्शियम. आवळायचं औषध घातलं तसं कडं आवळलं, पेन वर चढलं. मामांनी अस्तराला जागं करणारं औषध एक थेंब सोडलं, हात टेबलावर ठेवला आणि वाट बघत बसले. पेन हळूहळू खाली यायला लागलं.

"सुटला," मामा म्हणाले. "दिसला गो तुका?"

मामींचं पेनाकडे लक्षच नव्हतं. त्या टेबलावरच्या मामांच्या हाताकडे बघत होत्या. तळवा वर, बोटं उघडी.

"दिसला," मामी म्हणाल्या.