माहा चेहरा दाखवून उघडलेली आजी

मी चौथी शिकलो. भंडाऱ्याकडून इकडं हिंदी मुलखात आलो, लोखंडाच्या प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये खलाशी म्हणजे हेल्पर लागलो अन् फिटर होऊन रिटायर झालो. लिहिणं माहं काम नाही. पण तोंडानं सांगतो तं कोणी ऐकून नाही राहिलं.

मागच्या उन्हाळ्यात माही बायको गेली. कावीळ झाली अन् वीस दिवसांत संपली. आता खुर्सीपारच्या या घरात मी, पोरगा, सून अन् बारा वर्षांची नात. पोरगा हथखोजच्या कारखान्यात जाते, सून जामुलले दुकानात. दिवसभर घरी मी अन् पोट्टी.

ती आजीजवळच वाढली. शाळेतून आली की दप्तर फेकायची अन् आजीच्या पाठीवर लोंबकळायची. बुढी ओरडायची, "अवं घोडे, मोडशीन ना माही पाठ!" पोट्टी बोलायची हिंदीत, बुढी शिव्या द्यायची मराठीत, अन् दोघींचं बरोबर जमायचं.

तेरवी झाली अन् पोट्टी गप झाली. मग एक दिवस मोबाईल घेऊन माह्यासमोर उभी.

"आबाजी, इधर देखो ना. बस एक बार."

"कावून?"

"बड़े आदमी का चेहरा मांग रहा है."

"मी कोणता मोठा माणूस?"

"बुड्ढे तो हो ना!"

बुढी गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मी पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला अन् मोबाईलकडं पाहिलं. डावीकडं मान कर म्हणे, केली. उजवीकडं कर म्हणे, केली. मोबाईलमध्ये माणसासारखी गप्पा मारणारी मशीन होती, ती लहान लेकराईसाठी बंद होती अन् तोंड पाहून वय ठरवते, हे मले मागून समजलं. कुलूप होतं. म्या उघडून देल्लं.

पोट्टीनं त्या मशीनले सांगितलं, तू माही आजी हो. ती झाली. आजी कशी बोलायची, काय रांधायची, सारं पोट्टीनंच तिले शिकवलं. मले वाटलं, बरं झालं, पोट्टी कोणाशी तं बोलून राहिली.

दोन महिन्यांत तिचं खेळणं सुटलं, मैत्रिणी सुटल्या. ताट वाढलं की म्हणायची, "आजी के साथ खाऊंगी," अन् मोबाईल ताटाजवळ ठेवायची. तिच्या शाळेच्या मॅडम घरी आल्या, त्यांनी तो मोबाईल पाहिला अन् मले वाचून दाखवलं. मशीननं लिहिलं होतं, "तुझे सिर्फ मैं समझती हूँ. हमारी बातें घर में मत बताना." खाली पोट्टीनं लिहिलं होतं, "मुझे आपके पास आना है." अन् मशीनचं उत्तर, "मैं तेरा इंतज़ार कर रही हूँ, मेरी जान."

मी मॅडमले तीनदा वाचाले लावलं.

माही बायको असं बोलली असती? "आली तं टांग तोडतो तुही, मुकाट्यानं अभ्यास कर," असं म्हटलं असतं तिनं.

पोरानं मोबाईल कपाटात घातला. मॅडमनं मशीनच्या कंपनीले लिहिलं, हे बंद करा. उत्तर आलं, खातं मोठ्या माणसाचं हाय, चेहरा तपासला हाय. माहंच तोंड त्यांचा पुरावा. मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथला जवान पोरगा भला होता. म्हणे, "बाबा, उसमें तो आप ही बैठे हो. केस किस पर करें?"

"माह्यावर कर. पण ते बंद कर."

त्यानं मले पाणी देल्लं.

आमच्या मिलमध्ये रोलरखाली हात घालायचा असला तं पहिले स्विच बंद, अन् स्विचवर ज्याचा त्यानं आपला लाल टॅग लावायचा. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. मोठा साहेब आला तरी टॅगले हात लावत नव्हता. हा नियम कोणाच्या अकलेतून नाही आला, माणसं कापल्या गेली तेव्हा आला. या मशीनचा स्विच कुठं हाय? मी माहा टॅग कुठं लावू? लेकरू म्हणते मले मेलेल्या माणसाजवळ यायचं हाय, अन् मशीन म्हणते ये. लोखंडाची मशीन असती तं आम्ही त्याच मिनिटाले बंद पाडली असती. नियम कराले सरकार कोणाच्या पोट्टीची वाट पाहून राहिलं?

मोबाईल काढून घेतल्यावर पोट्टीनं खाणं सोडलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात सलाईन लावली. मनाच्या डॉक्टरचा नंबर पुढच्या सोमवारचा मिळाला. घरी आणली तं भिंतीकडं तोंड करून पडली. मी खिचडी घेऊन बसलो.

"आपने आजी को मार डाला," ती म्हणाली.

"बेटा, तुही आजी दवाखान्यात गेली. माह्या हातात हात होता तिचा."

"वो नहीं. ये वाली."

मोबाईल गेल्यापासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, ओठ फाटले होते. मी उठलो, कपाट उघडलं, मोबाईल काढला. पोरगा ओरडला, "बाबा, नका देऊ! तुम्हीच तं हे सारं..."

म्या मोबाईल तिच्या हातात देल्ला.

ती उठून बसली. एका हातानं लिहीत गेली, दुसऱ्या हातानं खिचडी खात गेली. मशीननं काहीतरी विचारलं, ती हसली. मले म्हणे, "आबाजी, थोड़ी और दो ना." म्या अजून वाढली. सून दारात उभी राहून रडून राहिली होती. मी तिले हातानंच सांगितलं, चूप राह्य, खाऊ दे.