सड्याच्या कडेला वारं कधी येतं

आपल्या गावाच्या मुंबईतल्या मंडळाच्या शिमग्याच्या अंकासाठी मागितलेला हा मजकूर पाडवा उलटल्यावर पाठवतो आहे, याबद्दल मुंबईकर वाचकांनी माफ करावं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शिवाय मी तीनदा लिहून तीनदा फाडलं.

खेडकडे जायचं कारण असं. माझा मुंबईतला मुलगा सुरेश इथं गावाला सड्याच्या अगदी कडेवर घर बांधतो आहे. उघडा कातळ, समोर खोल दरी. सूनबाई म्हणाली, "वारा किती छान येतो!" तेव्हापासून मला झोप नाही. खेडकडे माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या गावात गेल्या वैशाखात वावटळीनं एका नव्या घराचे पत्रे उचलून नेले होते. तेही घर कडेलाच. म्हटलं, वावटळ कुठं येते आणि कधी, हे विचारून यावं.

हातखंब्याला सकाळची एसटी धरा. सुटे पैसे जवळ ठेवा, नाहीतर कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देतो आणि मग आपण सगळा रस्ता त्याच्याकडेच बघत बसतो. चिपळूणला वडे चांगले मिळतात असं ऐकलं. गाडी सुटेल म्हणून मी उतरलो नाही. गाडी अर्धा तास उभी होती. खेडहून आक्काच्या गावाला दुपारी एकच गाडी आहे. रेल्वे येणार म्हणतात, ते ऐकतच मी म्हातारा झालो.

संध्याकाळी आक्काची शेजारीण पार्वतीवहिनी ओटीवर आली. मी वही काढली.

"वहिनी, तुमच्याकडे वारं कधी येतं?"

"दर अमावास्येला."

मी लिहिलं.

"कुठं?"

"देवळासमोर. कधी कधी आमच्या पडवीत पण."

"जोर असतो?"

"चार माणसांना आवरत नाही. घटकाभर घुमतं, मग लिंबू मागतं."

मी 'लिंबू' लिहिलं आणि थांबलो.

आक्का आतून ओरडली, "अगो, तो आभाळातल्या वाऱ्याचं विचारतोय! तू सासूच्या अंगातल्याचं काय सांगतेस?"

"मग तसं नीट विचारायचं," वहिनी म्हणाल्या. "आणि लिहिलंत ते खोडा. सासूबाईंना कळलं तर अमावास्येची वाट बघायच्या नाहीत."

मी खोडलं.

दुसऱ्या दिवशी आक्कानं मला गणूदादाकडे धाडलं. घराघरांच्या छपरांवरचे कौलांचे नळे परतायचे, फुटलेले बदलायचे, हा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा. त्यानं मला पत्रे उडालेल्या घराशी नेलं. शेजारच्या आंब्याचा शेंडा पिळून मोडलेला होता.

"कातळ दुपारी तव्यासारखा तापतो," तो म्हणाला. "वारा त्याच्यावर गरगरतो नि कडेला येऊन घरं धरतो. खाली झाडीत उतरला की मेला."

"आणि कधी?"

"पाडव्यापासून पाऊस लागेपर्यंत. जेवणं झाल्यावर. वर काळे ढग चढले तर बघायलाच नको."

"सकाळी नाही?"

"सकाळी मी छपरावर असतो. जेवल्यावर चढत नाही. अजून जिवंत आहे."

कुठल्या घरांना जास्त त्रास, असंही विचारलं. त्यानं कडेची सहा घरं बोटानं दाखवली. "दरवर्षी हीच. ह्यांच्यावर माझं पोट आहे. तुमचा झील कडेला बांधतोय म्हणालात ना? गावाचं नाव सांगून ठेवा."

परतीला मी चिपळूणला उतरलो. वडा खरंच चांगला होता.

घरी आल्यावर थेट सड्यावर गेलो. चिरे येऊन पडले आहेत. आमच्या कडेच्या काजूंकडे मी आजवर नीट बघितलं नव्हतं. ओळीनं सगळ्यांचे शेंडे पिळलेले आहेत.

तीस पावलं खाली फणसाच्या आडोशाला सपाट जागा आहे. तिथून दरी दिसत नाही. सूनबाई नाराज होईल, हे मला ठाऊक आहे.

सुरेश, माझ्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही, पण मंडळाचा अंक तू वाचतोस असं कळलं. अक्षय्य तृतीयेला गवंडी पायाची दोरी धरणार आहे. कुठं धरायची, ते त्याआधी कळव. एक कार्ड पुरे. गणूदादाला मी अजून गावाचं नाव सांगितलेलं नाही.