एकवीस गिअर आणि आईचं साडेसात

पंचेचाळिसाव्या वर्षी बाई सायकलच्या दुकानात शिरली की दुकानदार आधी विचारतो, "पोरगा कितवीत हाय?" मी म्हटलं, "पोरासाठी नाही, माह्यासाठी पाह्यजे." तो हसला. मी हसले नाही. मग तो निमूट लेडीज सायकली दाखवायला लागला, पुढं जाळीची टोपली आणि दांडीवर फुलं असलेल्या. मी म्हटलं, फुलं राहू द्या, ती जाड टायरची काढा. पांदणीच्या कच्च्या वाटेवर टिकली पाहिजे.

ती जाड टायरची म्हणजे माउंटन बाइक. त्या दुकानातली सगळ्यात स्वस्त. काळी, हिरव्या पट्ट्याची, उचलायला गेलं तर गव्हाच्या कट्ट्याएवढी जड, आणि तिला म्हणे एकवीस गिअर. एकवीस गिअर कायले लागतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुकानातही कोणाला ठाऊक नव्हतं, पण ते मला नंतर कळलं.

सायकल कशाला लागली ते सांगून टाकते, नाहीतर वाटायचं बाईला या वयात हौस सुचली. माझी आई आमच्या दारव्ह्याहून बोरी अरबकडं जाणाऱ्या रस्त्यावर, फाट्यापासून पांदणीनं आत गेलं की लागणाऱ्या गावात राहते. एकटी. बाबा गेले तरी तिनं घर सोडलं नाही. पौर्णिमेला विहारात सतरंजी अंथरायला सगळ्यांच्या आधी तीच हजर असते. तिला शुगर आहे. रोज सकाळी खाण्याआधी, साडेसातला, इन्सुलिन घ्यावं लागतं. ते पेनासारखं येतं, मागचं बटण फिरवून आकडा लावायचा आणि पोटात टोचायचं. गेल्या वर्षी आईची नजर अधू झाली, आकडा दिसेना. मग शेजारची काकू द्यायला लागली. बिचारी मायेनं द्यायची, पण एक दिवस बाराच्या जागी वीस लावून बसली. आई घामानं चिंब, ओसरीत आडवी. काकूनंच घाईघाईत साखर चारली म्हणून निभावलं.

नागपूरहून माझा धाकटा भाऊ धावत आला. तो वाईट नाही, पण घाबरला की हुकूम सोडतो. "आईले घेऊन जातो. आमचं घर तिसऱ्या माळ्यावर हाय, पण लिफ्ट हाय. एक खोली तिले रिकामी करून देतो."

आई म्हणाली, "मले त्या डब्यात कोंडू नको, बाबू. मी इथंच बरी हावो."

तो ऐकेना. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी देईन रोज. साडेसातच्या आत. एक दिवस जरी चुकला तर खुशाल घेऊन जा." भाऊ म्हणाला, "महिनाभर करून दाखव. पहिला आठवडा तुले शिकायले सोडला. पुढच्या सोमवारपासून मोजतो." आईनं माझ्याकडं पाहिलं. तिला मी नीट दिसत नव्हते, तरी पाहिलं.

बोलायला काय जातं! घरी आल्यावर डोक्यात उजेड पडला. फाट्याकडं जाणारी काळीपिवळी जीप सीटा भरल्याशिवाय हलत नाही आणि आठच्या आधी सीटा भरत नाहीत. नवरा सकाळी सहालाच मोटरसायकल घेऊन ड्युटीवर यवतमाळला जातो. स्कूटीची मला भीती वाटते, एकदा पडले ती पडले. सायकल मात्र येते. लहानपणी बाबांच्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून, कैची मारत शिकले होते, तेवढंच एक वाहन माझ्या हाताखालचं. म्हणून सायकल.

दुकानातला फिटर मोठ्या आपुलकीनं म्हणाला, "ताई, गिअरच्या भानगडीत पडू नका. दारव्ह्यात कोणाचेच टिकले नाही. मी टॉपवर बांधून देतो, मंग पाहा कशी पळते." त्यानं बायंडिंगच्या तारेनं हँडलवरचे गिअरचे दोन्ही खटके आवळून टाकले. आमच्याकडं रीतच आहे ही. कॉलेजच्या पोरांच्या सायकली पाहा, निम्म्याअधिक पोरांचे खटके तारेनं करकचून बांधलेले. गिअर नुसते मिरवायला. मीही मान डोलावली. शहाणा माणूस सांगतो म्हटल्यावर आपण काय बोलणार?

डांबरी रस्त्यावर गाडी खरंच पळाली. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, गार वारा तोंडावर, आणि मी अशी चाललेली की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. मग पांदण आली आणि पांदणीत ते टेकाड. निम्म्यावर गेले आणि पायडल खाली जाईना. उभी राहून पूर्ण अंग टाकलं, तरी जाईना. उतरले. ते धूड ढकलत, दर दहा पावलांवर थांबत, वर नेलं. आईच्या दारात पोचले तेव्हा आठला दहा कमी होते आणि मला बोलता येत नव्हतं. आईनंच मला पाणी दिलं.

आठवडाभर हेच. गुडघे असे दुखायचे की रात्री मशीनवर पाय ठेववेना. मी कपडे शिवते, पाय गेले तर पोट गेलं. घरून अजून लवकर निघावं तर अंधार, रस्त्यावर कापसाचे ट्रक, आणि नवऱ्याचा डबा. शनिवारी तर आईला भूक आवरली नाही, तिनं इन्सुलिनच्या आधीच अर्धी भाकर खाऊन घेतली. दुपारी तपासलं तर शुगर भलतीच चढलेली. भावाला सांगावं लागलं. तो ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुह्यानं नाही जमत. कबूल कर न. यात लाज कायची?" त्याचं ते समजुतीनं बोलणंच मला झोंबलं. ओरडला असता तर भांडले असते.

रविवारी एक जीनची पँट आखूड करायला घेतली होती. राग सगळा मशीनवर निघत होता. माझं मशीन आधी पायाचं होतं, मागच्या वर्षी मुलीनं त्याला मोटर बसवून दिली. पायाचं होतं तेव्हा खालचं मोठं चाक एकदा फिरलं की वरचं लहान चाक भिर्रकन फिरायचं. साध्या कापडावर मजा यायची, पण जीनची चौपदरी शिवण आली की ठप्प. मोटरचं उलटं आहे. मोटरचं चाक बोटाएवढं, ते पुष्कळ फिरतं तेव्हा वरचं जेमतेम एकदा फिरतं. पण जीन असो की ताडपत्री, सुई आरपार जाते.

मी पँट तशीच सोडली आणि अंगणात गेले. सायकल उलटी करून ठेवली. पुढं तीन चकत्या, मागं सात. साखळी कुठं बसवली होती त्या फिटरनं? पुढं सगळ्यात मोठीवर, मागं सगळ्यात लहानवर. म्हणजे पायाचं मशीन! टेकाडावर मी आठवडाभर जीन शिवत होते पायाच्या मशीनवर. असा संताप आला, त्याचा आणि माझा पण. आयुष्य गेलं चाकं फिरवण्यात आणि मला हे उंटावरच्या शहाण्यानं सांगितलेलं खरं वाटलं? आपला हात जगन्नाथ म्हटलं, पक्कड आणली आणि दोन्ही तारा कापल्या. खटके दाबत, हातानं पायडल फिरवत राहिले. साखळी खडखडली, अडखळली, एकदा पडलीसुद्धा, पण शेवटी पुढं लहानवर आणि मागं मोठीवर जाऊन बसली. मागचं चाक हळूहळू फिरायला लागलं, आणि मी एकटीच हसत बसले अंगणात.

संध्याकाळी गल्लीत चालवून पाहिली तर नेमका तो फिटर समोरून आला. "बिघडवले ना, ताई? पाय फिरून राह्यले न गाडी तिथंच. म्हणून त बांधून देल्ते." गंमत म्हणजे सगळ्यांची हीच समजूत. पाय फुकट फिरले म्हणजे गिअर खराब. मी म्हटलं, "उद्या सांगते तुमाले."

सोमवारी टेकाडाच्या पायथ्याशी कापूस वेचायला निघालेल्या आठ-दहा बाया होत्या. त्यांनी मला आठवडाभर ढकलताना पाहिलेलं. मी खटके दाबले. साखळी लहानवर उतरली आणि पाय एकदम हलके झाले, नुसते फिरायला लागले. गाडी मात्र चालली मुंगीच्या पायानं. इतकी हळू की त्या बाया माझ्या बाजूनं, माझ्याच चालीनं चालायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "काय वं, हे कायची सायकल? याच्यापेक्षा आमी पुढं जातो."

"जाय न, आजी. मी काय शर्यत लावली?"

"उतरून काहून नाही घेत?"

"उतरायचंच नाही आज."

मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती पुढं गेली नाही. बाजूलाच राहिली. पुढचं चाक डुगडुगायचं, मी सावरायची, श्वास लागायचा, पण पायडल एकदाही अडलं नाही. निम्मं आलं, जिथं रोज उतरायची ते बाभळीचं झाड आलं आणि मागं गेलं. वरच्या सपाटीवर चाक लागलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "चढली बाप्पा," आणि तिनंच कपाळाचा घाम पुसला. मी तिथं क्षणभरही थांबले नाही. थांबले असते तर रडले असते.

सात वाजून वीस मिनिटं झाली होती. पेनावर बारा लावले, आईला टोचलं, आणि काकूकडून मीठ मागून आणून आईला उपमा करून घातला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, नवऱ्यानं वाचलं तर वाचू दे.

मग दिवस जात राहिले. सातवीस, सातपंचवीस, सातपंधरा. एकदा धुक्यात रस्ताच दिसेना, घंटी वाजवत गेले. दोनदा काटा लागला, पंक्चर काढायला शिकले. गुडघे दुखायचे थांबले आणि मी टेकाड उतरताना मोठ्यानं गाणं म्हणायला लागले, कोणी ऐकलं असेल तर त्यानं माफ करावं. गल्लीतल्या तीन पोरी माझ्याकडून आपापल्या तारा कापून घेऊन गेल्या. फिटरनं चौथ्या पोरीचे खटके बांधलेच नाहीत. भाऊ रोज साडेसातला फोन करायचा आणि मी म्हणायची, "झालं." तो हं म्हणायचा. पण त्याच्या मनातून नागपूर गेलं नव्हतं, हे मला त्या हंमधूनच कळायचं.

महिन्याचे चार आठवडे भरायचे तो दिवस रविवार होता. भाऊ आदल्या दिवशी म्हणाला, "उद्या मीच येतो सकाळी. डोळ्यानं पाहतो, मंग ठरवू." ठरवू म्हणजे काय?

टेकाड चढून पलीकडं उतरले तर समोर पांदण तुंबलेली. कापसाचा ट्रॅक्टर, वर बंगल्याएवढा ढीग, आणि त्याचं मागचं चाक खड्ड्यात बसलेलं. दोन्हीकडं काटेरी कुंपण. ट्रॅक्टरच्या अलीकडं माझ्या भावाची पांढरी गाडी. तो खाली उतरून डायव्हरशी हुज्जत घालत होता. मला पाहून म्हणाला, "ताई, थांब. निघतो आता, दहा मिनिटांत."

"तू निघ दहा मिनिटांत. आईचं साडेसात थांबत नाही."

कुंपणात एक खिंडार होतं. तिथून सायकल आत घातली आणि शेताच्या धुऱ्यावरून, कापसाच्या पऱ्हाटीच्या कडेनं, ढेकळांवर उडत, ट्रॅक्टर ओलांडून पुन्हा पांदणीला लागले. मागं वळून पाहायचा मोह झाला. पाहिलं. भाऊ तिथंच कमरेवर हात ठेवून उभा होता.

तो आला तेव्हा सव्वाआठ झाले होते. चपला हातात, पँटीला कुसळं. गाडी सोडून चालतच आला होता. आई ओसरीत बसून चहा पीत होती, बाजूला रिकामी ताटली. त्यानं विचारलं, "आई, घेतलं?"

"साडेसातच्या आधीच. जेवलीबी," आई म्हणाली. "तू कितीचा निघाला होता, बाबू?"

"साडेतीनचा."

"पाह्य. तुह्या गाडीच्या भरवशावर असती त आज उपाशीच राह्यली असती मी."

तो ओसरीच्या पायरीवर बसला, पँटीची कुसळं एकेक काढत राहिला. मग खिशातून फोन काढून त्यानं बायकोला लावला. "नाही, आई येऊन नाही राह्यली," तो म्हणाला. "ती खोली पोरीले देऊन टाक."