वरच्या खोलीची लाईन

आमच्या पौडच्या घराची वरची खोली मी मुलासाठी बांधून घेतली आणि मुलानं सूसला फ्लॅट घेतला. मग त्या खोलीत राहायला कोण आलं म्हणाल, तर युरोपातली एक बाई. चाळिशीची असेल, उंच, शांत. योग शिकायला महिनाभर म्हणून आली होती. तिकडे निम्मा पगार घरभाड्यात जातो, त्यापेक्षा इथंच राहते म्हणाली.

तिची नोकरी तिच्याबरोबरच आली होती, हे मला समजायला पंधरा दिवस लागले. शाळेच्या पुस्तकांची पानं ती कॉम्प्युटरवर मांडायची आणि टेलिफोनच्या तारेतून तिकडे पाठवायची. ब्रॉडबँड तेव्हा गावात नुकतं आलेलं. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "नवऱ्यानं टाकलीया का वो तिला? दिसभर घरातच असती." मी सांगायचे, अगं, वरची खोली म्हणजेच तिचं हापीस. तर त्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

मराठी ती आमच्याकडूनच शिकली, म्हणून तिचं मराठीही आमच्यासारखंच झालं. सकाळी जिन्यावरून पहिला प्रश्न, "मावशी, लाईन हाय?" मी रिसीव्हर कानाला लावून सांगायचे, "हाय." दुपारी दीड वाजता तिच्या साहेबीणबाईचा फोन खाली माझ्या टेबलावर यायचा. मी "होल्ड" म्हणायचे आणि वर हाक मारायचे. तिचा मोबाईल आमच्या घरात चालायचा नाही, रेंजच नव्हती.

होळी झाली आणि रस्ता रुंद करायला मशीन आलं. दुसऱ्याच दिवशी जमिनीतली केबल तुटली. निम्म्या गावाचे फोन गेले, तिचं इंटरनेट गेलं. तशी वीज जाऊन तिचं काम आधी दोनदा उशिरा पोचलं होतं, त्यामुळे साहेबीण नाराज होतीच. बिचारी रोज एसटीनं पुण्याला जाऊन पानं पाठवायला लागली. जाऊन-येऊन अर्धा दिवस जायचा, आणि दीडच्या फोनला ती कुठून सापडणार?

मी चहाची किटली घेऊन खड्ड्यापाशी गेले. लाईनमन आत मांडी घालून बसला होता, डोक्यावर ओलं पोतं. समोर तारांचा हा एवढा गुंता.

"आमची तार आधी जोड की बाबा," मी म्हटलं.

"काकी, शंभर जोड्या हायेत. तुमची कंची, ते तारंवर लिवल्यालं न्हाई."

"एका बाईची नोकरी जाईल रे."

"माझी बी जाईल असंच म्हनतोय सायेब. च्या द्या."

चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "बिस्तरवारी लाईन देतो. नक्की."

त्याचं ते 'नक्की' मी जसंच्या तसं घरी आणलं आणि तिला दिलं. गुरुवारी नक्की, म्हटलं, मी स्वतः विचारून आलेय. माझ्या शब्दावर तिनं पुण्याहून साहेबिणीला कळवलं की गुरुवारी दीडला फोन करा, मी जागेवर असेन. नवीन पुस्तक तिला द्यायचं की दुसऱ्या कुणाला, ते साहेबीण त्या फोनवर ठरवणार होती. आणि ते पुस्तक मिळालं नाही तर ती इथं राहू शकणार नव्हती.

गुरुवारी सकाळी रिसीव्हर उचलला तर आवाज आला. मी खालूनच ओरडले, "लाईन हाय!" वरच्या खोलीतल्या इंटरनेटच्या डब्यावरचा दिवा मात्र नुसता लुकलुकत होता. होईल थोड्या वेळानं, म्हटलं.

एकपासून आम्ही दोघी फोनपाशी बसलो. दीड वाजून गेला. दोनच्या सुमारास घंटी वाजली, मी झडप घालून उचलला. "रॉकेल आलं का?" कुणीतरी विचारत होतं. राँग नंबर म्हणून ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा रॉकेल. मी त्याला चांगलं झापलं, लाईन मोकळी ठेवा म्हणून. आमच्या फोनवरून परदेशी लागायचं नाही, म्हणून पाच वाजता ती स्टँडवरच्या बूथवर जाऊन स्वतः फोन करून आली. तिकडे दुपारच होती, पण साहेबीण बाहेर निघून गेली होती.

संध्याकाळी रेशन दुकानदार दारात आला. "काकी, तुमच्या त्या मॅडमवानी बोलनारी कोन बाई दुपारपास्नं दुकानात फोन करतीया. तीनदा केला. मी सांगितलं, रॉकेल आलं न्हाई, सोमवारी या."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याची तार आमच्या घरात आली होती आणि आमची त्याच्या दुकानात. रॉकेल विचारणाऱ्यांना मी हाकलत बसले, आणि तिच्या साहेबिणीला त्यानं सोमवारी बोलावलं. तिला मी हे समजावून सांगितलं. ती ऐकून हसली, आणि मग पायरीवर बसली.

दुसऱ्या दिवशी लाईनमननं दोन्ही जोड्यांची अदलाबदल केली. दहा मिनिटांचं काम. "इतकंच व्हतं की," म्हणाला. दिवा स्थिर झाला. थोड्या वेळानं ती जिना उतरून आली. मी सवयीनं रिसीव्हर कानाला लावला.

"लाईन हाय, मावशी," ती म्हणाली. "काम न्हाई."

झालेला घोळ तिनं लिहून पाठवला. तिकडून उत्तर आलं, वाईट वाटलं, पण पुस्तक थांबू शकत नव्हतं, ते दुसऱ्या कुणाला दिलं. मी मुलाला फोन केला, तो म्हणाला, आई, यात तू काय करणार? खरंच, काय करणार होते? पत्र लिहायला मला इंग्रजी येत नव्हतं. नुसतं भाडं न घेणं, एवढंच माझ्या हातात होतं. मी भाडं नको म्हटलं, तर ती म्हणाली, पुढच्या महिन्यापर्यंत पैसे हायेत, मग न्हाईत.

ती निघायच्या आदल्या दिवशी दुकानदार पाच लिटर रॉकेलचा डबा घेऊन आला. मॅडमसाठी. कार्डाशिवाय कुणाला थेंबभर न देणारा माणूस. तिच्याकडे स्टोव्ह नव्हता. तिनं दोन्ही हातांनी डबा घेतला, जिन्याखाली नेऊन ठेवला आणि त्याला म्हणाली, "लई उपकार."

एसटीत बसताना तिनं मला विचारलं, ते रॉकेल तुम्ही वापराल ना? मी हो म्हटलं. माझ्याकडेही तेव्हा गॅसच होता.